इंजिन आत्ता उघडतोय, टर्बो मागाहून लावायचाय

प्रश्न गोव्यातल्या पेडण्याच्या एका मुलाचा आहे. घरी वडिलांची २००२ ची मारुती एस्टीम, एमपीएफआय म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरवाली, १ लाख ७० हजार चाललेली. हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल खाते, चढावर मागे निळा धूर. इंजिन उतरवायचं ठरलंय. दोन-तीन वर्षांनी पैसे जमले की टर्बो, म्हणजे सायलेन्सरकडे जाणाऱ्या गॅसवर फिरून इंजिनमध्ये जास्त हवा कोंबणारा पंखा, लावायचाय, तर आत्ताच लो-कॉम्प्रेशनचे (हवा-पेट्रोल कमी दाबणारे) फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) पिस्टन टाकून ठेवू का, म्हणजे परत इंजिन खोलायला नको, असं त्याने विचारलंय.

मित्रा, आधी मी कोण ते सांगतो म्हणजे माझं किती ऐकायचं ते तुझं तू ठरवशील. डिचोलीत गॅरेज आहे, पंचवीस वर्षं झाली. त्यातली पहिली बारा खाणीवरच्या टिपर ट्रकांखाली गेली, २०१२ ला खाणी बंद पडल्या, टिपर लोकांच्या अंगणात उभे राहिले आणि मी पेट्रोल गाड्यांकडे वळलो. म्हणजे टर्बो मी आधी डिझेलवर शिकलो, लाल धुळीत, आणि ते शिक्षण पेट्रोलला फार उपयोगी पडलं. का ते पुढे सांगतो.

तू विचारतोयस पिस्टन कुठले. मला वाटतं तुला विचारायचंय ते असं, की इंजिन टेबलावर उघडं असताना अशी कुठली कामं आहेत जी राहून गेली तर पुढे परत इंजिन उतरवावं लागेल, आणि कुठली आहेत जी नंतर बॉनेट उघडून एका रविवारात होतात. पैसा पहिल्या कामांवर घाल. दुसऱ्यातलं आत्ता काही घेऊ नकोस, घेऊन माळ्यावर ठेवू पण नकोस. कारण माझ्याकडे आजपर्यंत 'पुढे टर्बो लावणार' म्हणून सात-आठ इंजिनं बनली असतील, टर्बो प्रत्यक्षात लागला दोघांना. बाकीच्यांची लग्नं झाली, घराचं कर्ज आलं, एकाने गाडी विकली. त्या पाच-सहा जणांपैकी ज्यांनी लो-कॉम्प्रेशन करून ठेवलं होतं ते अजून मला भेटले की गाडी ओढत नाही म्हणून रडतात.

दुसरं, इंजिन खोलायच्या आधी एक सकाळ घालव. ऑइल जळतंय ते रिंगांतून की व्हॉल्व्ह सीलमधून? चोर्ला घाट उतरताना गाडी गिअरमध्ये सोडून दे, ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला, आणि खाली सपाटीला लागल्यावर पाय दे. तेव्हा भप्पकन धूर आला आणि मग थांबला तर बहुतेक व्हॉल्व्ह सील. चढावर लोड असताना सारखा धूर, आणि चालू इंजिनचं ऑइलचं झाकण काढल्यावर फक फक करून हवा बाहेर, ज्याला आपण बॅक कॉम्प्रेशन म्हणतो, तर रिंगा आणि बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत. तुझं वर्णन दुसऱ्याकडे जातंय, पण कॉम्प्रेशन टेस्ट करून चारही आकडे लिहून ठेव. एका सिलिंडरमध्ये थोडं ऑइल टाकून परत टेस्ट केली आणि आकडा वर गेला तर रिंगाच, नाही गेला तर व्हॉल्व्हकडे बघ.

आता 'किती बूस्ट', म्हणजे टर्बो हवा वातावरणापेक्षा किती जास्त दाबाने आत ढकलणार, हा प्रश्न. ह्याचं उत्तर तुझ्याकडे नसेल तर माझ्याकडेही नाही, आणि सगळं त्याच्यावरच आहे. ०.३ ते ०.४ बार, म्हणजे साधारण साडेचार ते सहा पीएसआय, एवढ्यावर थांबणार असशील तर कंपनीचेच कास्ट, म्हणजे ओतीव, पिस्टन, नीट बसवलेले आणि नीट ट्यून केलेले, चालतात. मी चालवलेत. ०.५ च्या वर जायचं असेल किंवा मित्राने बोलता बोलता स्क्रू अर्धा फेरा आवळलेला चालेल असा तुझा स्वभाव असेल, तर फोर्ज्ड. स्वभावाचं मी गमतीने म्हणत नाहीये, बूस्ट कंट्रोलरचा स्क्रू हाताने फिरतो आणि तो फुकट असतो.

कॉम्प्रेशनचं गणित एकदा डोळ्यांनी बघ, मग भीती जाते. तुझ्या इंजिनचा बोअर (आतला व्यास) ७४ मिमी, स्ट्रोक (पिस्टनचा वर-खाली प्रवास) ७५.५. एका सिलिंडरमध्ये पिस्टन सुमारे ३२४.७ सीसी झाडतो, चार मिळून १२९८. समजा रेशो, म्हणजे कॉम्प्रेशन किती पट ते, ९ आहे, तर पिस्टन वर आल्यावर उरलेली जागा ४०.६ सीसी. रेशो ८.५ करायचा तर ती ४३.३ पाहिजे, फरक २.७ सीसी, चहाचा अर्धा चमचा. ८ करायचा तर ४६.४, म्हणजे एक चमचा आणि वर थोडं. एवढ्याशा जागेसाठी लोक काय काय करतात. सगळ्यात प्रसिद्ध उपाय म्हणजे ब्लॉक आणि हेड (सिलिंडरवरचं झाकण) ह्यांच्यामध्ये डबल गॅस्केट किंवा जाड प्लेट. ७४ च्या बोअरला २.७ सीसी म्हणजे जेमतेम ०.६३ मिमी जाडी, त्याच्यामुळे मिस्त्री म्हणतो की हे तर सोपं आहे. सोपं आहे पण पिस्टन वर येताना कडेची हवा दाबून मध्ये ढकलतो, त्या कडेच्या अंतराला आपण स्क्विश म्हणतो, ते अंतर वाढलं की जळण सुस्त होतं आणि नॉकिंग, म्हणजे पेट्रोल ज्योतीची वाट न बघता आपोआप भडकून बसणारे ठोके, कमी व्हायच्या ऐवजी कधी कधी वाढतं. वर हेड तेवढं उचललं गेलं की टायमिंग बेल्टवर कॅमचं टायमिंगही थोडं मागे सरकतं. दोन गॅस्केट एकावर एक म्हणजे गळायला दोन जागा, ते वेगळंच. त्यामुळे जाड गॅस्केट नको, अजिबात नको.

आणि टर्बो लागेपर्यंतची दोन-तीन वर्षं? रेशो ९ वरून ८ केला तर त्या काळात पेट्रोलमागे तीन-चार टक्के तसेच जातात आणि खालच्या आरपीएमला गाडी मरतुकडी होते. सहा पीएसआयसाठी ९ ला मी हात लावणार नाही, तेवढं इग्निशन टायमिंगमध्ये सांभाळता येतं. जी काय जागा हवी ती पिस्टनच्या डिशमधून, म्हणजे डोक्यावरच्या खोलगट वाटीतून, घ्यायची असते, आणि पिस्टन बदलणार असशील तरच.

एक गोष्ट मात्र आत्ता फुकटात होते आणि नंतर कधीच नाही. हेड बाहेर असताना चेंबर मोजून ठेव, हेडमधला जळणाचा चेंबर म्हणतोय मी, ऑइलचा नव्हे. ॲक्रिलिकचा छोटा तुकडा घ्यायचा, एक भोक पाडायचं, ग्रीस लावून चेंबरवर चिकटवायचा, व्हॉल्व्ह आणि प्लग बसवलेले, आणि मेडिकलमधल्या २० सीसीच्या सिरिंजने रंगीत रॉकेल सोडायचं. चारही चेंबरचे आकडे वहीत. पिस्टन ब्लॉकच्या तोंडापासून किती खाली थांबतो तेही, आणि गॅस्केट दाबल्यानंतरची जाडी. ह्या तीन आकड्यांवरून तुझा खरा रेशो निघतो. आधी कुणी हेड फेस करून, म्हणजे मशीनवर घासून सपाट करून, आणलं असेल तर पुस्तकातला रेशो तुझा रेशो नाही. पुढे ट्यून करणारा माणूस हाच आकडा पहिला विचारेल आणि नव्वद टक्के लोक 'नऊच असेल ना' म्हणतात.

आता बोअर. एस्टीमचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा, आत बिडाचे स्लीव्ह. मिस्त्री लोकांना सवय असते, खोललं की थेट पन्नास, म्हणजे ०.५० मिमी ओव्हरसाइझ, बोअर तेवढा मोठा करून मोठा पिस्टन, कारण एकदाच काम होतं आणि नाराजी नाही. तू तसं करू नको. वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी आडवं-उभं, अशी सहा मापं एका बोअरची. ०.२५ मध्ये सगळे साफ होत असतील तर ०.२५. टर्बोच्या दाबाला स्लीव्हची जाडी उपयोगाची आहे, आणि पुढे काही झालं तर एक ओव्हरसाइझ हातात शिल्लक राहते. साध्या गाडीला टेपर (वरच्या-खालच्या व्यासातला फरक) ०.०५ च्या थोडा वर असला तरी मी कधी कधी नुसतं होनिंग (दगडाने बारीक घासणं) करून रिंगा टाकल्यात, तुझ्या बाबतीत नाही टाकणार.

पिस्टन हातात आल्याशिवाय ब्लॉक बोरिंगला देऊ नकोस. प्रत्येक पिस्टन मोजायचा आणि त्याच्या मापाने त्याचा बोअर, पिस्टनवर एक-दोन-तीन-चार लिहून. फोर्ज्ड पिस्टन तापल्यावर जास्त फुगतो म्हणून त्याला क्लिअरन्स, म्हणजे बोअर आणि पिस्टनमधली फट, कास्टच्या दुप्पट-अडीचपट लागतो, त्यामुळे सकाळी थंड इंजिन खटखट करतं. वडील रोज गाडी चालवणार असतील तर पहिल्याच आठवड्यात विचारतील की एवढे पैसे घालून आवाज कसला. आत्ता कास्टच्या मापाने बोअर केलास आणि नंतर फोर्ज्ड घ्यायचं ठरवलंस तर परत बोरिंग. म्हणून सांगतोय, बूस्ट किती ते आत्ता ठरव. मागे नेऊन बदलता येत नाही असा हा एकच निर्णय ह्या सगळ्यात आहे.

लेथवाल्याबद्दल. आपल्याकडे म्हापशाला, फोंड्याला बोरिंग करणारे आहेत, चांगलेही आहेत, पण त्याला एक प्रश्न विचार, टॉर्क प्लेट लावून होन करतोस का. हेडचे बोल्ट आवळले की ॲल्युमिनियमचा ब्लॉक थोडा वाकतो, गोल बोअर किंचित अंडाकृती होतो. प्लेट लावून होन केलं की तो आवळलेल्या अवस्थेत गोल राहतो. तुझ्या इंजिनची प्लेट बहुतेक कुणाकडे नसणार. मी माझी बेळगावला उद्यमबागेत ३० मिमीच्या पत्र्यातून कापून घेतली होती, एकदाचा खर्च. नसेल तर जग बुडत नाही, रोजच्या गाड्या बिनप्लेटीच्याच धावतात, पण जमलं तर कर.

रिंग गॅप. इथे जरा थांब, कारण हे काम अर्ध्या तासाचं आहे, पैसा लागत नाही आणि टर्बो इंजिनं मरतात ती बरीचशी इथे मरतात. रिंग बोअरमध्ये एकटी टाकायची, पिस्टन उलटा करून तिला इंचभर खाली सरळ ढकलायची, आणि दोन टोकांमधली फट फीलर गेजने मोजायची. साध्या इंजिनचा ढोबळ हिशोब असा की बोअरच्या दर इंचाला चार थाउ, थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. ७४ मिमी म्हणजे २.९१ इंच, म्हणजे साधारण ०.३० मिमी. रस्त्यावरच्या टर्बोला दर इंचाला पाच ते सहा, म्हणजे ०.३७ ते ०.४४. का, तर बूस्टमध्ये वरची रिंग जास्त तापते, लांब होते, टोकं एकमेकांना भिडली की तिला जायला जागाच नाही, मग ती बोअरला घासते आणि पिस्टनची रिंगवरची कड तोडून टाकते. माझ्याकडे एक मारुती झेन आली होती, दुसरीकडे टर्बो लावलेली, बरोबर तिसऱ्या सिलिंडरला कॉम्प्रेशन नाही. मालक म्हणाला नॉकिंगने पिस्टन गेला. पिस्टन काढला, वरची रिंग पुसली, दोन्ही टोकं आरशासारखी चमकत होती. टोकं चमकतात ती एकमेकांवर घासूनच. गॅप नवीन रिंगांच्या डब्यातून आला तसाच ठेवलेला. उरलेल्या तीन सिलिंडरच्या रिंगा पण चमकायला लागल्या होत्या, म्हणजे रांगेत उभ्या होत्या.

म्हणून तू वरची रिंग आत्ताच ०.३८ ते ०.४० ला फाइल कर, दुसरी तिच्यापेक्षा थोडी जास्त. रिंगवाल्याने डब्यात कागद दिला असेल तर त्याचा आकडा माझ्यापेक्षा मोठा. फाइल एकाच टोकाला, बाहेरून आत, मग काठ ऑइलस्टोनने फक्त एकदा मारायचा. टर्बोशिवाय चालताना ह्या जास्तीच्या दहा शतांश मिमीने तुला काही फरक कळणार नाही. मी कॉम्प्रेशन टेस्टमध्ये बघितलंय, गेजची सुई तिथेच थांबते.

पुढचं काम माझं सगळ्यात आवडतं, कारण ह्याच्यात मी स्वतः तोंडावर आपटलोय. टर्बोला ऑइल जातं ते पंपाच्या दाबाने, बारीक नळीतून, ऑइल प्रेशर स्विचच्या जागी टी लावून. ते नंतर होतं, त्याची आत्ता काळजी नको. पण ते ऑइल परत येतं नुसत्या उतारावर, दाब नाही, आणि येतं ते फेसाळलेलं, ताकासारखं, कारण आतला शाफ्ट मिनिटाला लाखभर फेरे फिरतोय. त्याला जाड आणि सरळ खाली उतरणारी नळी लागते आणि ती इंजिनखालच्या ऑइल चेंबरला ऑइलच्या पातळीच्या वर येऊन मिळाली पाहिजे. चेंबर गाडीवर असताना तिथे वेल्डिंग होत नाही. आत्ता तो तुझ्या हातात आहे.

माझी चूक अशी, पहिल्या पेट्रोल टर्बोला मी ती नळी जोडायची बुश जिथे जागा दिसली तिथे वेल्ड केली, जरा खाली. गाडी उभी असताना सगळं ठीक. चालवली की सायलेन्सरमधून निळा धूर. टर्बोचं सील गेलं म्हणून टर्बो बदलला, नवीन आणला, दोन दिवसांनी परत धूर. टिपरवर हेच शंभर वेळा बघितलं होतं, लोक टर्बो मेला म्हणून यायचे आणि निघायचं काय तर ड्रेनची नळी दबलेली नाहीतर ब्रीदर (इंजिनच्या आतली हवा बाहेर सोडणारी वाट) लाल मातीने बुजलेला, टर्बोचा काही दोष नसायचा. इतकं माहीत असून स्वतःच्या कामात डोळ्यांसमोर असलेलं दिसलं नाही. टर्बोमधलं ऑइल खाली जाऊ शकत नव्हतं म्हणून सीलमधून बाहेर येत होतं. चेंबर उतरवून बुश दीड इंच वर घेतली, जुना टर्बो परत लावला, धूर बंद. तो जुना टर्बो त्या गाडीवर अजून आहे.

तर तू काय कर, चेंबर धुवून घे, डिपस्टिकच्या फुल मार्कची पातळी बाहेरून खडूने आख. ही पातळी चेंबर इंजिनला लागलेला असतानाच मिळते, उतरवायच्या आधी आखलीस तर उत्तम. त्याच्या वर, सायलेन्सरच्या बाजूला, पण क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या दांड्याच्या) फेकीतून ऑइल उडून थेट आत जाणार नाही अशा जागी, आतून १६ ते १९ मिमी व्यासाची चुडीची बुश. वेल्ड झाल्यावर गॅस्केटची कड काचेवर ठेवून बघ, पत्रा ओढला जातो, हातोडीने हलके सरळ कर. आत पाणी भरून रात्रभर ठेव. मग बुशला तांब्याचा वॉशर घालून प्लग आवळ आणि विसरून जा. पाचशे-सातशे रुपयांचं काम. टर्बो कधीच नाही लागला तर चेंबरला एक जास्तीचा प्लग, एवढंच.

बेअरिंगबद्दल थोडक्यात. क्रँक मोजून घे, घासायची गरज नसेल तर घासू नको, नुसतं पॉलिश. क्लिअरन्स मॅन्युअलमधल्या रेंजच्या वरच्या अर्ध्यात ठेव, प्लॅस्टिगेजने (दाबून फट मोजायची प्लॅस्टिकची बारीक दोरी) प्रत्येक जर्नल (बेअरिंग बसतं तो गोल भाग) बघ, 'हाताला फिरतोय' हे माप नाही. रॉड (पिस्टन क्रँकला जोडणारे) सरळ आहेत का ते तपास, नवीन बोल्ट घाल, आणि बोल्टची जात बदललीस तर बिग एंड (रॉडचं क्रँककडचं भोक) परत गोल करून घ्यावा लागतो हे लेथवाल्याला आधीच सांग. चार पिस्टन-रॉडची वजनं स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर जुळव, दोन ग्रॅमच्या आत. ऑइल पंप नवीन टाक, घासाघीस करू नको. क्रँकच्या आणि ब्लॉकच्या ऑइल गॅलरीत बाटल्या धुवायचा लांब ब्रश, गरम पाणी, साबण, आणि शेवटी बोअरमधून पांढरा कपडा फिरव. काळा आला तर परत धू. होनिंगचा गाळ पेट्रोलने जात नाही, साबणानेच जातो.

हेड फेस करायला दे, पण आधी सरळपट्टी आणि ०.०५ चा फीलर लावून बघ. फीलर खाली जात नसेल तर नुसतं साफ. उगाच फेस करत राहिलास तर रेशो वाढतो, आणि टर्बोसाठी तो वाढायला नको. एमएलएस म्हणजे स्टीलच्या थरांचं गॅस्केट घालणार असशील तर फेसिंग फार गुळगुळीत लागतं, साध्या मशीनवरच्या रेषा दिसत असतील तर ते पाझरतं. तसं फेसिंग मिळणार नसेल तर चांगलं ग्राफाइटचं गॅस्केट बरं. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचे गाइड (व्हॉल्व्हची दांडी सरकते त्या नळ्या) ढिले असतील तर आत्ताच बदल, टर्बोमागे उष्णता आणि दाब दोन्ही त्यांच्याच वाट्याला येतात. टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप सांगायला नको.

इथपर्यंतचं एका दमात. बूस्ट ठरव, रेशो मोजून लिहून ठेव पण कमी करू नको, लहानात लहान ओव्हरसाइझ, रिंग गॅप टर्बोच्या हिशोबाने, चेंबरला ड्रेनची बुश, बेअरिंग आणि हेड नीट. आत उघडून करायचं ते एवढंच.

आता बाहेरचं, आणि इथे आपला गोवा मध्ये येतो. एप्रिल-मे मध्ये दुपारची हवा ३५ अंश. ती ०.४ बारला दाबली की बऱ्या टर्बोमधून सुद्धा ८० च्या थोडी वर तापून बाहेर पडते, इंटरकूलर (ही दाबलेली हवा थंड करणारा रेडिएटर) नसेल तर तशीच इंजिनमध्ये. बरा इंटरकूलर लावला तर तीच ५० च्या आसपास येते. लोक म्हणतात सहा पीएसआयला इंटरकूलर कशाला, थंड मुलखात चालत असेल बाबा, इथे मे महिन्यात पणजीच्या ट्रॅफिकमधून सुटून कुणी पाय दाबला की ती तीस अंश म्हणजेच नॉकिंग आणि नॉकिंग नाही ह्यातला फरक. इंटरकूलर नंतर लागतो, पण त्याच्या आधी रेडिएटर बघ. विहिरीचं पाणी घालून घालून आतून खपली धरलेला असतो. ॲल्युमिनियमचं इंजिन आहे, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, दुसरं काही नाही. इंजिन बाहेर आहे तोवर रेडिएटर बाहेर काढून उघडून साफ करून घे किंवा नवीन. फॅनचा स्विच कितीला लागतो तेही.

पेट्रोल. आता पंपावर येतं त्यात २० टक्के इथेनॉल. ऑक्टेनच्या दृष्टीने टर्बोवाल्याला हे बरंच आहे, इथेनॉल सहजासहजी नॉक होत नाही आणि आत गारवा पण देतं. पण शुद्ध पेट्रोलला दर किलोमागे १४.७ किलो हवा लागते, ह्याला सुमारे १३.५, म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त पेट्रोल पाहिजे. २००२ च्या इसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, हे कोणी सांगितलेलं नाही. हळू चालवताना ऑक्सिजन सेन्सर सावरून घेतो, फुल ॲक्सिलरेटरला इसीयू जुन्याच आकड्यांवर चालतो, आणि टर्बो काम करतो तो नेमका तिथे. रबरी पेट्रोल पाइप मात्र आत्ताच सगळे बदल, इथेनॉलला चालणारे म्हणून मागून घे. मायलेज जरा कमी मिळेल त्याला इंजिनचं काम जबाबदार धरू नको.

टर्बो, मॅनिफोल्ड, इंजेक्टर, वेगळा इसीयू, वाइडबँड (हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा सेन्सर), क्लच, हे सगळं नंतर. घेऊन ठेवलंस तर दोन पावसाळ्यात गंज चढेल आणि तोवर काहीतरी चांगलं आणि स्वस्त निघालेलं असेल. फक्त एवढं लक्षात ठेव की कंपनीचा मॅप सेन्सर (इंजिनमध्ये जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) वातावरणाच्या दाबाच्या वर काही वाचत नाही, त्यामुळे 'नुसता टर्बो लावू, इसीयू आहे तोच' असं कुणी सांगितलं तर त्याच्याकडे गाडी ठेवू नको. पूर्वी ८५ हॉर्सपॉवरची गाडी, सहा पीएसआयला नीट केली तर १०५-११० ची होईल. त्याच्या आधी पुढच्या डिस्क, पॅड, मागचे ड्रम. अनमोड उतरताना एस्टीमचे ब्रेक कुठे दमतात हे तुझ्या वडिलांना विचार.

कागदाचंही बघ, कारण हे कोणी सांगत नाही. मोटर वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसी बुकात नोंदलेल्या गोष्टींशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते पक्कं केलं. तुझी गाडी २००२ ची, म्हणजे २०१७, २०२२ आणि आता २०२७ ला परत पासिंग. सध्याचं काम तर सरळ आहे, तोच ब्लॉक, तोच इंजिन नंबर, कुणाला काही सांगायचं कारण नाही. ब्लॉक बदलायची वेळ आली तर नोंद करून घे. टर्बोचं मात्र आरटीओत आणि विम्यावाल्याकडे आधी विचार, अपघातानंतर सर्वेअर बॉनेट उघडतो तेव्हा उशीर झालेला असतो. माझ्याकडे टर्बो लागलेल्या दोघांना मी हेच सांगितलं होतं, एकाने ऐकलं.

रनिंग-इन, म्हणजे नवीन केलेलं इंजिन रुळवणं, साध्या मिनरल ऑइलवर. चालू केल्यावर अर्धा तास आयडलवर उभी ठेवायची पद्धत आपल्याकडे आहे ती सोडून दे, रिंगा बसतात त्या लोडवर. गळती आणि ऑइल प्रेशर बघितलं की लगेच रस्त्यावर, तिसऱ्या गिअरमध्ये दोन हजारावरून चार हजारापर्यंत बऱ्यापैकी पाय देऊन न्यायची, मग पाय काढून तशीच उतरू द्यायची, असं पंधरा-वीस वेळा. पेडण्यात नव्या हायवेवर सकाळी सहाला गेलास तर कोणी हॉर्न मारणार नाही. ऑइल पहिल्यांदा १०० किलोमीटरला काढ, मग ५०० ला, मग १००० ला. पाच हजार झाले की कॉम्प्रेशन टेस्ट परत, चारही आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांत पाहिजेत, आणि हे आकडे आधीच्याच वहीत. टर्बोची गोष्ट त्या पानानंतर.

तर आता पहिली गोष्ट, पिस्टनची ऑर्डर दिली नसशील तर थांब. हेड उतरव, चारही बोअरची सहा-सहा मापं घे, स्वतःकडे बोअर गेज नसेल तर लेथवाल्याकडे नुसतं मापायला ने, बोरिंगला नाही. आकडे आणि हेडचा खालून काढलेला फोटो पाठव. आणि ऑइल चेंबर उतरवायच्या आधी ती खडूची रेघ तेवढी मार रे.